खापर दिसलं की गाव सापडलं? रानात या चुका टाळा

दर दिवाळीनंतर मला नव्या पोरांचे दोन-तीन फोन ठरलेले. "सर, साइट सापडली!" साइट म्हणजे जुन्या वस्तीची जागा. पाठोपाठ फोटो येतो: तळहातावर पाच-सहा खापरं, मागं धूसर ज्वारी. शेत कुणाचं, खापरं किती जागेत, माती कसली, काही पत्ता नाही. लोकेशन पाठवलेलं असतं ते डांबरी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीचं, कारण पोराला आठवण तिथं बसल्यावर झालेली असते.

भूदृश्य पुरातत्त्व म्हणजे एखादं देऊळ किंवा एखादा उत्खननाचा खड्डा नव्हे. नदी, ओढा, जमिनीचा पोत, जुनी वाट, गावठाण आणि ते सोडून गेलेली माणसं, हे सगळं एकत्र वाचायचं असतं. त्याला कुदळ लागत नाही, पाय लागतात. कुदळ लागत नाही म्हणूनच नव्या पोरांना ते सोपं वाटतं.

सगळ्यांत महागात पडलेली चूक माझी स्वतःची आहे, तीच आधी सांगतो. मंगळवेढ्याकडच्या एका गावात काळ्या रानात खापरांचा सडा दिसला. तांबडी, काळी-तांबडी, मधूनच चकाकी असलेली. बरोबर दोन विद्यार्थी होते. आम्ही दहा-दहा मीटरवर दोऱ्या धरून तीन दिवस चाललो, चौकोनाचौकोनातली खापरं मोजली आणि नकाशावर ऐटीत मोठा ठिपका काढला: सातवाहनकालीन वसाहत, पाच एकर. चौथ्या दिवशी बांधावर शेतकऱ्याची आई शेंगा निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय शोधताय लेकरा?" मी खापर दाखवलं. आज्जी हसल्या. "ही व्हय? ही पांढरीची माती हाय. माझ्या सासऱ्यानं गाड्या भरभरून आणून टाकलीया. ज्वारी बघा कशी येती."

पाच एकरांची माझी वसाहत म्हणजे खत होतं!

काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे गाव, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जुन्या गावाच्या जागेवर पांढरट टेकाड तयार होतं. ती माती कसदार, म्हणून लोक पूर्वीपासून ती खणून शेतात पसरत आले. मातीबरोबर खापरंही जातात. आज्जींनी दाखवलेलं टेकाड त्या शेतापासून दीडेक किलोमीटरवर होतं, अर्धं खणून नेलेलं. उभ्या कडेत राखेचे आणि चोपलेल्या जमिनीचे थर एकावर एक स्पष्ट दिसत होते. तीन दिवस आम्ही तिकडं पाठ करून चाललो होतो.

शेत सगळं सांगत होतं, मी घाईत होतो. खापरं अंगठ्याएवढीच होती, कडा झिजलेल्या. सडा सगळीकडं सारखा, आणि बांध आला की एकदम बंद. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव आजच्या बांधाला मान देऊन थांबेल कशाला? विटेचा तुकडा नाही, पाट्या-वरवंट्याचा दगड नाही, हाड नाही, राखेचा डाग नाही. आता माझी सवय अशी झालीय की खापर उचलण्याआधी मी त्याची कड अंगठ्यानं चाचपतो. धारदार असेल तर जवळच कुठंतरी फुटलंय, गुळगुळीत असेल तर प्रवास करून आलंय. आणि गावात शिरल्यावर "इथं काही जुनं आहे का?" असं विचारत नाही. त्यावर लोक देवळाकडं बोट दाखवतात. मी विचारतो, "पांढरी माती कुठनं आणता?"

दुसरी चूक हंगामाची. सुट्टी डिसेंबरात असते म्हणून पोरं डिसेंबरात येतात. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा, त्या वेळी ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते. हुरडा खायला जरूर या, सर्वेक्षणाला नको. उन्हाळी नांगरट झाली, पहिले एक-दोन पाऊस पडून ढेकळं धुतली गेली की पेरणीपर्यंतचे दिवस सोन्याचे. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, वरचं खाली पडतं, पावसात फुगून खालचं वर येतं. त्यामुळं एकदा पाहिलेलं रान पाहून झालं असं मी मानत नाही.

उसाचं त्याहून वाईट. भीमेकाठी कालव्याच्या पट्ट्यात वर्ष-दीड वर्ष ऊस उभा असतो, आत पाऊल टाकता येत नाही. एका मुलाच्या नकाशात नदीकाठचा सगळा पट्टा कोरा होता आणि त्यानं लिहिलं होतं की प्राचीन लोकांनी नदीकाठ टाळला. अरे, लोकांनी नाही, तू टाळलास! माझ्या वहीत दोन वेगळ्या खुणा असतात: फुली म्हणजे पाहिलं पण काही नाही, गोल म्हणजे पाहताच आलं नाही. शिवाय नदीकाठी पुराचा गाळ चढून जुनं खाली गाडलं जातं, म्हणून ओढ्याने कापलेली कड आणि नव्या विहिरीचा खड्डा आधी बघायचा.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की काठावर खापरांची लांब रांग दिसते. ती लाटांनी लावलेली असते, माणसांनी नव्हे.

हत्तरसंग कुडलला जाऊन शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ च्या शिलालेखाबरोबर सेल्फी काढून परतणारेही मी पुष्कळ पाहिलेत. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे तो, पाहावाच. पण भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथंच देवळं का उभी राहिली, उतार कुठून आहे, पुराची रेषा कुठं येते, हे बघायला अर्धा तास जास्त लागतो आणि तेवढा धीर कुणाकडं नसतो.

प्रत्येक गारगोटी म्हणजे अश्मयुगीन हत्यार नव्हे. आपल्या बेसॉल्टमध्ये त्या निसर्गतःच असतात, आणि ट्रॅक्टरचा फाळही चिपा पाडतो. एका चिपेवर भाळू नका, आधी गाभा शोधा, म्हणजे ज्यावरून चिपा काढल्या तो मूळ दगड.

जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भूनकाशावर, मोबाइलच्या लोकेशनचे आकडे थेट उतरवू नका. दोन्हींचा भूमापनाचा आधार वेगळा असतो, आपल्या भागात ठिपका शंभरेक मीटरनं सरकतो, म्हणजे सरळ शेजाऱ्याच्या शेतात.

खापरांच्या पिशवीला ठिकाणाची चिठ्ठी आत एक, बाहेर एक. शाई घामानं पसरते, पेन्सिल वापरा.

नाणी मिळाली तर खिशात घालू नका. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

फोटोत मोजपट्टी ठेवा. गुटख्याची पुडी ही मोजपट्टी नव्हे.

आणि सकाळी लवकर निघा. तिरप्या उन्हात खापराची सावली पडते, डोळा आपोआप तिथं जातो. अकरा वाजल्यानंतर सगळं रान सपाट दिसतं, तेव्हा मी लिंबाखाली बसून वही पुरी करतो.