मीठ आणि एन्झाइमचं प्रॅक्टिकल: या चुका टाळा

जर्नलं तपासताना दरवर्षी एक वाक्य हमखास भेटतं: ‘मिठाचं प्रमाण वाढलं की एन्झाइमची क्रिया मंदावते.’ एन्झाइम कुणाचं, हे मात्र लिहिलेलं नसतं. लाळेतलं, बुरशीचं की मिठागरातल्या सूक्ष्मजीवाचं? आलेखाचा आकार तर त्यावरच ठरतो.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो लाळेच्या अमायलेजमध्ये, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइममध्ये. स्टार्च असेपर्यंत आयोडीन निळा रंग देतं, स्टार्च संपला की तो जातो. या एन्झाइमला नीट काम करायला क्लोराइड लागतं. गेल्या वर्षी एका बॅचमधून हाक आली, “मॅडम, शून्य मिठाची ट्यूब आणि मिठाची ट्यूब, दोन्हींतला निळा रंग एकदमच गेला!” जाणारच. लाळेत मुळात क्लोराइड असतं. त्यात बफरचा पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने जुळवलेला, म्हणजे क्लोराइडची आणखी भर. वर कुणीतरी डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून नळाचं पाणी घेतलेलं. खडकवासल्याचं पाणी प्यायला झकास, पण कंट्रोलसाठी नाही.

उपाय सोपा, फक्त वेळखाऊ. लाळेतलं क्लोराइड काढायला ती डायलिसिसच्या पिशवीत भरून रात्रभर थंड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची, पाणी दोन-तीनदा बदलायचं. बफर ६.८ पीएचचा फॉस्फेट. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब मांडून बघा: बिनमिठाच्या ट्यूबमधला थेंब कितीतरी वेळ निळाच राहतो. तिच्यात थोडं मिठाचं द्रावण घाला, की पुढचे थेंब निळे, जांभळे, तांबूस आणि शेवटी आयोडीनचेच पिवळे. हा परिणाम क्लोराइडचा की नुसत्या क्षाराचा, अशी शंका असेल तर एक ट्यूब सोडियम सल्फेटची लावा, त्यात क्लोराइड नसतं. शेजारी ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीचं अमायलेज ठेवलं तर आणखी मजा. त्याला क्लोराइडची गरजच नसते.

मीठ कुठलं घेता? कँटीनमधून पुडी आणणारे महाभाग आहेत. खायच्या मिठात आयोडेट असतं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूडही. द्रावण गढूळ होतं, कलरीमीटर भलतंच दाखवतो. शेवटी टेबलावर पुणेरी पाटी लावली: ‘येथे खाण्याचे मीठ वापरू नये. खाण्यासाठीही वापरू नये.’

चार मोलर द्रावण करताना २३४ ग्रॅम मीठ एक लिटर पाण्यात घालू नका. सगळं मिळून जवळपास १.०८ लिटर होतं आणि तुमचं चार मोलर ३.७ वर येतं. आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग एक लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. मीठ घातल्यावर फॉस्फेट बफरचा पीएच खाली सरकतो, तेव्हा तो मीठ घालून झाल्यावरच जुळवा. नाहीतर पीएचचा परिणाम मिठाच्या नावावर खपेल. तयार झालेली साखर डीएनएसने (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या रंगपरीक्षेने) मोजत असाल तर ब्लँक आणि स्टँडर्डमध्येही तेवढंच मीठ हवं.

आता हॅलोआर्किया, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा आपल्या पुण्याच्या आघारकर संस्थेने शोधलेले हेच ते. हे पेशीतच पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात, म्हणून त्यांच्या कित्येक एन्झाइमांना दोन ते चार मोलर क्षार लागतो. प्रथिनाच्या पृष्ठभागावर ऋण भार दाट असतो. क्षार कमी पडला की ते भार एकमेकांना ढकलतात आणि घडी उलगडते. एका प्रोजेक्टवाल्याने हॅलोबॅक्टेरियमचा (नाव काहीही असो, हाही हॅलोआर्कियाच) पेलेट, म्हणजे तळाशी बसवलेला पेशींचा गोळा, सवयीने डिस्टिल्ड वॉटरने धुतला. पेशी फुटल्या, डीएनए बाहेर आला, ट्यूबमध्ये चिकट लगदा. नंतर मीठ घालूनही काही उपयोग झाला नाही. अर्क काढण्यापासून शेवटच्या डायल्यूशनपर्यंत प्रत्येक द्रावणात मीठ हवंच.

पण मीठ सोसणारा प्रत्येक जीव असा नसतो, आणि व्हायवात पोरं इथेच अडकतात. हॅलोमोनास हा जिवाणू मीठ आत साठवत नाही, एक्टोइनसारखे छोटे सेंद्रिय रेणू साठवतो. त्यामुळे त्याची पेशीतली एन्झाइमं बरीचशी साधीच असतात, बाहेर सोडलेल्यांना मात्र खारं पाणी सोसावं लागतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू साडेसात टक्के मिठाच्या अगारवर वाढतो, यावरून त्याच्या पेशीतलं एन्झाइमही साडेसात टक्क्यांत खुशीने चालेल असं ठरवू नका. एन्झाइम पेशीच्या आतलं की बाहेरचं, हे जर्नलच्या पहिल्याच ओळीत लिहा.