बोटीत ताकद लावू नका, आधी या चुका टाळा

रोइंग शिकतोय म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला : "पाणी कुठंय बे?" प्रश्न रास्त आहे. सीना नदी शहराबाहेरून जाते, तीही उन्हाळ्यात जेमतेम. पण चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातले दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला (एकट्यानं दोन वल्ह्यांनी बोट चालवायची शर्यत) तेरावे आले होते, हे मी लगेच ऐकवतो. आमचा कच्चा सराव विजापूर रोडवरच्या जिममध्ये, रोइंग मशिनवर. खरा सराव महिन्यातून दोन रविवार पुण्यात, मुळा नदीवर. शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, रविवारी संध्याकाळी त्याच गाडीनं परत. हौशी मंडळी आहोत. शर्यत वगैरे डोक्यात नाही.

आमच्यातला एक पठ्ठ्या मशिनवर 500 मीटर दोन मिनिटांच्या आत काढतो. बोटीत पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास त्यानंच दिला. मशिन कलत नाही, बोट कलते.

हातानं ओढणं

ही चूक शंभरातले शंभर जण करतात. वल्हं हातात दिलंय म्हणजे हातानं ओढायचं, असं वाटतं. पण बोटीतली सीट रुळांवर सरकते आणि बूट बोटीलाच बसवलेले असतात, ते उगाच नाही. आधी पायानं रेटा, मग पाठ मागं, शेवटी हात पोटाशी. परत जाताना बरोबर उलटं : हात, पाठ, मग गुडघे. माझे आजोबा हातमागावर बसायचे. आधी पाय, मग धोटा, मग फणीचा ठोका. क्रम चुकला की सूत तुटायचं. इथं सूत तुटत नाही, पण हात पुढं जायच्या आधी गुडघे वर आले, तर वल्ह्याची मूठ गुडघ्यांवरून उचलून न्यावी लागते आणि तिकडे पातं पाण्यात बुडतं.

ओळखायची खूण सोपी : तासाभरानं दंड भरून आले असतील तर चुकतंय. मांड्या दुखल्या पाहिजेत.

खेकडा

पातं पाण्यात अडकून बसतं त्याला रोइंगवाले 'क्रॅब' म्हणतात. बोट पुढं पळत असते, पातं पाण्यात रुतलेलं, म्हणून मूठ उलटी तुमच्याच अंगावर येते. मला हा खेकडा तिसऱ्या रविवारी एका पुलाखाली भेटला. मूठ पोटात अशी बसली की आठवडाभर निळा डाग होता, आणि घरी कुणाला पटेना की हा डाग नदीत पडला. कारण साधं होतं. पातं पाण्याबाहेर यायच्या आधीच मी ते आडवं फिरवलं होतं. आधी मूठ खाली दाबून पातं उभंच बाहेर काढायचं, मग फिरवायचं. प्रत्येकाकडे एकच वल्हं असलेल्या बोटीत फिरवायचं काम आतल्या (पात्याकडच्या) हाताचं, वर-खाली करायचं बाहेरच्या (मुठीच्या टोकाच्या) हाताचं. आणि मूठ आवळून धरू नका. बोटांत अडकवून धरा. हातावरचे फोडही त्यानं निम्मे होतात. अडकलंच तर झुंजू नका. मागं झुका, मूठ डोक्यावरून जाऊ द्या, ओरडून सांगा.

बोट कलली की अंग टाकणं

बोट डावीकडे गेली की नवशिका उजवीकडे झुकतो. मग ती उजवीकडे जाते. खरं कारण बहुतेक वेळा हातांची उंची असतं. ज्या बाजूला बोट खाली गेलीय, त्या बाजूच्यांनी हात थोडे वर घ्यायचे, दुसऱ्या बाजूच्यांनी किंचित खाली. स्वतःचं पातं बघायला मान वळवली तरी बोट हलते, नजर पुढच्याच्या पाठीवर ठेवा. आमच्यातला एक जण गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, उंच, जड नंदीध्वज पेलतो. बोट डुलायला लागली की सगळ्यांत शांत तोच असतो.

थांबलेल्या बोटीत वल्हं सोडणं हा गाढवपणाच. पाण्यावर आडवी टेकलेली वल्हीच बोटीला सांभाळत असतात. मोबाइल काढायला दोघांनी एकदम हात सोडले होते. मोबाइल अजून मुळेत आहे.

परतीची घाई

ओढून झालं की नवशिका परत जाताना सीटवरून धाडकन पुढं येतो आणि मग दम घेतो. हिशेब करा : कॉक्ससह (कॉक्स म्हणजे न वल्हवता दिशा आणि सूचना देणारा) चौघांच्या बोटीचं किमान वजन 51 किलो, आणि त्यात वल्हवणारे आम्ही चौघे मिळून तीनशेच्या आसपास. एवढं वजन एकदम एका टोकाला आदळलं की बोट अडखळणारच. ओढायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट परतीला द्या. आम्ही मनात 'एक... दोन, तीन' म्हणतो, 'एक'ला ओढायचं. मिनिटाला अठरा स्ट्रोक पुरेत. बोट पाणी कापत असते ती याच मोकळ्या वेळात, तिचा आवाजही तेव्हाच ऐकू येतो.

सगळेच कॉक्स

तुम्ही उलटे बसलेले असता, पुढचं फक्त कॉक्सला दिसतं. तरी चौघांनाही सूचना द्यायच्या असतात. 'इझी ऑल', म्हणजे सगळ्यांनी थांबा, म्हटल्यावर "एकच मारतो" म्हणणाऱ्यामुळे आम्ही एकदा थेट जलपर्णीत घुसलो, आणि तिथून पातं सोडवून निघायला पंधरा मिनिटं गेली.

बाकी किरकोळ. ढगळ टी-शर्ट नको, मूठ त्यात अडकते. वल्हं ज्या कडीत अडकतं तिची दांडी घट्ट केलीय का, हे निघण्याआधी स्वतः बघा. शहरातल्या नदीचं पाणी घाण असतं, त्यामुळे फोड झाकून ठेवा आणि उतरल्यावर साबणानं हात धुवा, मगच वडापाव. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका. बोट उलटलीच तर काठाकडे पोहत सुटू नका, बोटीला धरून राहा, ती तरंगते.

आणि पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं असेल तर उतरायचं नाही. सप्टेंबर 2025 मधला सीनेचा पूर ज्यानं पाहिलाय, त्याला हे पटवावं लागत नाही. अशा रविवारी आम्ही काठावर चहा घेतो, बोट पुसून ठेवतो आणि गाडी पकडतो.