मालिश, अंघोळ, दूध, झोप आणि मग कॅमेरा

बाळांचे फोटो काढायला शिकायचंय म्हटल्यावर आपण आधी कॅमेऱ्याकडे वळतो. मी सांगेन, आधी बाळाच्या आईला फोन करा आणि त्याचा दिवस कसा जातो ते विचारा. मालिशवाल्या मावशी किती वाजता येतात, अंघोळ कधी, दूध पिऊन किती वेळ झोपतं, उठल्यावर लगेच रडतं की थोडा वेळ पंख्याकडे बघत पडून राहतं. हे सगळं कागदावर लिहून घ्या. माझ्या भाचीच्या लेकीचं साडेनऊला मालिश, दहाला अंघोळ आणि साडेदहा ते बारा गाढ झोप. पहिल्या वेळी मी नऊलाच जाऊन बसले. बाळ भुकेलेलं, मग मालिशला घेतलं, अंगभर तेल. जे चार फोटो मिळाले त्यांत कपाळ आणि गाल तेलाने नुसते चकाकत होते. पुढच्या वेळी अकराला गेले. बाळ झोपलेलं असल्याने खोली लावायला निवांत तास मिळाला. जागं झालं, दूध प्यायलं, ढेकर निघाली आणि मग वीस मिनिटं माझ्याकडे बघून हुंकार देत होतं. त्या दिवसाचे सगळे चांगले फोटो त्या वीस मिनिटांतले आहेत. म्हणून पुढे तयारीचं जे जे लिहिलंय ते सगळं त्या वीस मिनिटांच्या आधी उरकायचं आहे.

सुरुवात कोणत्या वयाच्या बाळापासून करायची? माझं मत ठाम आहे, तीन-चार महिन्यांच्या. दहा-बारा दिवसांचं बाळ बहुतेक वेळ झोपलेलं असतं म्हणून सोपं वाटतं, पण त्याची मान धरलेली नसते आणि टाळू मऊ असते. घरात बाळंतीण असते, तिलाही विश्रांती हवी असते. हनुवटी हातांवर टेकवून बसलेल्या नवजात बाळांचे जे फोटो आपण बघतो, ते बहुधा दोन फोटो जोडून केलेले असतात. प्रत्यक्षात कोणीतरी डोकं आणि हात धरून ठेवलेले असतात आणि ते हात नंतर पुसतात. शिकाऊ माणसाने त्या वाटेला जाऊच नये. तीन-चार महिन्यांचं बाळ ओळखून हसतं, पालथं घातलं तर मान उचलतं, स्वतःच्या मुठीकडे टक लावून बघतं. यातलं काहीच आपल्याला घडवून आणावं लागत नाही.

आता सामान. ज्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येते असा कोणताही कॅमेरा आणि ५० मिमीची एफ १.८ लेन्स एवढं पुरे. (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा; आकडा लहान तितकं तोंड मोठं.) क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग लहान असलेल्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० मिमीसारखी दिसते, चेहऱ्यासाठी फार छान. पण एफ १.८ आहे म्हणून तेवढंच उघडं ठेवायचा मोह आवरा. अशा कॅमेऱ्यात एक मीटरवरून पुढून मागे जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर जाडीचा भागच स्पष्ट येतो. बाळाने मान जराशी वळवली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर. एफ २.८ ला ही जाडी चार सेंटिमीटरच्या पुढे जाते, तिथून सुरुवात करा. शटरचा वेग जाग्या बाळाला १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका, झोपलेल्याला १/१२५ चालतं. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० करावा लागला तर खुशाल करा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला डोळा चालत नाही. फोकसचा बीप बंद करा, फोकस करताना लागणारा लाल किंवा पांढरा दिवाही बंद करा. बॅटरी आदल्या रात्री चार्ज, कार्ड रिकामं, फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ रूपात. फोनवर काढणार असाल तर फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. चार पावलं मागे या आणि दुप्पट झूम घ्या. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड जावळाच्या कडा खातो, म्हणून तो टाळा.

आठवडाभर आधी घरच्या घरी एक सराव करा. बाजारातून मध्यम आकाराची पपई आणा, दुपट्यात गुंडाळून खिडकीशी चटईवर ठेवा. आकार साधारण बाळाच्या डोक्याएवढा, शिवाय पपई रडत नाही. खिडकी डोक्याच्या बाजूला, मग कुशीला, मग पायाकडे येईल अशी पपई फिरवून तिन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. उजेड पायाकडून आला की हनुवटीच्या खालून वर चढतो, नाकपुड्या उजळतात आणि चेहरा भेसूर दिसतो. डोक्याच्या बाजूने तिरका आला की कपाळ, नाक, ओठ असा खाली उतरत जातो आणि गालाखाली मऊ सावली पडते. मी हे दोन संध्याकाळी केलं. तेव्हापासून कुठल्याही घरात गेले की बाळाचं डोकं कुठे ठेवायचं ते आपोआप दिसतं.

खोलीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिल्या दिवशीच्या फोटोंमध्ये बाळ पिवळंधमक दिसत होतं. माझ्या ताईने, म्हणजे बाळाच्या आजीने बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. “अगं, हिचा रंग असा का दिसतोय? डॉक्टरांना दाखवायचं का?” बाळ ठणठणीत होतं. खिडकीला नारिंगी पडदा होता आणि त्यातून गाळून येणारा सगळा उजेड नारिंगी. आजीच्या जिवाला मी उगाच घोर लावला, ते मला अजून लागतं. तेव्हापासून पिशवीत एक जुनं पांढरं सुती धोतर आणि कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. रंगीत पडदा बाजूला सारायचा आणि धोतर ग्रिलला चिमट्यांनी लावायचं. कोवळं ऊन थेट येत असलं तरी ते मऊ होतं आणि ग्रिलच्या सावलीचे पट्टे बाळाच्या अंगावर पडत नाहीत. खोलीतले ट्यूब, एलईडी सगळे बंद करा. एक तर दोन रंगांचा उजेड मिसळतो. दुसरं म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर बरेच साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलंत की फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. भिंतीचा रंगही बघा. हिरव्या किंवा गुलाबी ऑइलपेंटच्या भिंतीला खेटून बाळ ठेवलं तर गालावर तोच रंग येतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावलीची बाजू उजळते. फ्लॅश पिशवीतच राहू दे. बाळ दचकतं, आणि उजेड सपाट होतो.

अंथरायला आजीची गोधडी सगळ्यात छान. वापरून मऊ झालेली असते, आणि पुढे वीस वर्षांनी त्या फोटोत गोधडीही बघितली जाईल. साधं झबलं, टोपडं, फार तर वाळे. भारंभार नक्षीचे कपडे, मण्यांच्या माळा, गळ्याशी नाडी येईल असं काही नको. बाळाचा हात सारखा तोंडाकडे जातो, सुटलेला मणी क्षणात तोंडात जाईल.

सुरक्षिततेबाबत मी कुणाचंही ऐकत नाही, घरच्यांचंही नाही. जागा जमिनीवरच, पलंगाच्या किंवा टेबलाच्या काठावर नाही. टोपलीत, परातीत, झोळीत बसवून फोटो काढायचा आग्रह झाला तर गोड शब्दांत नाही म्हणते. एक मोठं माणूस पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर, आणि त्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवायचा. वरून फोटो घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच. आपण हात धुऊन घ्यायचे, अंगठ्या काढायच्या. सर्दी झाली असेल तर सरळ दिवस पुढे ढकलायचा. आदल्या दिवशी लस टोचली असेल तरीही.

बाळ झोपलंय तोवर पापण्या, मुठी, पावलं, कानाची पाळी काढून घ्या. जागं झालं की तुम्हीही जमिनीवर पालथे पडा, कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर. खिडकीकडच्या डोळ्यात उजेडाचा पांढरा ठिपका दिसला की फोकस तिथेच. चारही बाजूंनी सगळे टाळ्या, खुळखुळे वाजवायला लागले तर बाळ गोंधळतं. आई एकटी तुमच्या खांद्यामागे बसून हळू बोलली की नजर बरोबर येते. रडायला लागलं की थांबायचं, त्याच दिवशी पुन्हा प्रयत्न नको.

घरी आल्यावर फाइली लगेच दोन ठिकाणी ठेवा. रंग सुधारताना बाळाला गोरं करू नका. तो त्याचा रंग आहे, तसाच यायला हवा. लालसर डाग फार दिसत असतील तर कृष्णधवल करून बघा. गालावरची काजळाची तीट मात्र पुसू नका. मी एकदा पुसली होती, भाचीने परत लावायला सांगितली.

एकही फोटो आई-बाबांना विचारल्याशिवाय ग्रुपवर किंवा इतर कुठे टाकायचा नाही. अंघोळीचे तर काढलेत तरी घरातच राहू देत. वीस-पंचवीस निवडून आईकडे द्या. त्यातले तीन-चार ६×४ इंचांत छापून घ्या आणि पाकिटावर तारीख, बाळाचं वय आणि कुणाच्या घरची खिडकी होती ते लिहा.