स्कॅफोल्ड प्रोटीन फर्टिलिटीत काय करतं हे उंदरांवर कसं शोधायचं

स्कॅफोल्डला मराठीत परांची म्हणतात, पण परांची काम संपलं की काढून टाकतात आणि ही प्रोटीनं बऱ्याचदा तिथेच ठाण मांडून बसतात, म्हणून मी तो शब्द वापरत नाही. ही स्वतः सहसा कुठलीच रिअ‍ॅक्शन करत नाहीत, दोन-चार एन्झाइम्स एका जागी धरून ठेवतात म्हणजे सिग्नल भलतीकडे जात नाही. त्यामुळे जीन काढला, नर वांझ निघाला, झालं काम, असं लिहून भागत नाही. कोणाला धरतं, कुठे आणि कधी, हे काढावंच लागतं.

सुरुवात ब्रीडिंगच्या वहीतून करा. हेटेरोझायगस (जीनची एकच प्रत काढलेल्या) जोडीच्या पिल्लांत नॉर्मल, एक प्रत गेलेली आणि दोन्ही प्रती गेलेली अशी 1:2:1 यायला हवीत, पण होमोझायगस, म्हणजे दोन्ही प्रती गेलेला, एकही दिसला नाही म्हणून लगेच गर्भातच मरतायत असं ठरवू नका, कारण 12 पिल्लांत एकही नसणं नुसत्या योगायोगाने सुद्धा 3 टक्के वेळा होतं, 20 पर्यंत गेलात की 0.3 टक्के. मग मादीला सकाळी प्लग (मीलनानंतर योनीत गोठणारा बोळा) दिसला त्या दिवसाची दुपार म्हणजे 0.5 दिवस असं मोजून मागे मागे जा, 14.5, 12.5, 9.5. अ‍ॅक्सिन हे स्कॅफोल्ड, बीटा-कॅटेनिन हे सिग्नल नेणारं प्रोटीन मोडणाऱ्या टोळीला एकत्र धरतं, ते नसलं तर गर्भ 8 ते 10 दिवसांतच जातो, काहींत शरीराचा अक्षच दुप्पट झालेला असतो, हे 14.5 ला उघडून कसं दिसणार? उलट जेआयपी3 हे दुसरं स्कॅफोल्ड नसलेली पिल्लं दिवस भरून जन्मतात आणि श्वास घेता न आल्याने लगेच मरतात. इथे बाळंतपणाच्या वेळी खरंच पिंजऱ्याजवळ थांबा, आई मेलेली पिल्लं खाऊन टाकते आणि सकाळी वहीत "गर्भातच मेली" असं चुकीचं लिहिलं जातं, मी पण लिहिलंय.

उंदीर मोठे झाले तर नर आणि मादी वेगवेगळे तपासा, जोडीदार नॉर्मल द्या. एसवायसीपी3, म्हणजे मियोसिसमध्ये (शुक्राणू-अंडी बनतानाच्या पेशीविभाजनात) क्रोमोसोमच्या जोड्या धरणाऱ्या सांगाड्याचा भाग, तो नसला तर नर पूर्ण वांझ, माद्यांना मात्र पिल्लं होतात, फक्त कमी, कारण क्रोमोसोमची संख्या चुकलेले गर्भ मरतात. एकॅप1 मध्ये बरोबर उलटं, ते अंड्यात पीकेए या एन्झाइमला मायटोकॉन्ड्रियावर धरतं आणि त्रास मादीला होतो.

नरात फक्त स्पर्म काउंट बघून थांबणं ही सगळ्यात कॉमन चूक. एकॅप4 शुक्राणूच्या शेपटीतल्या फायब्रस शीथमध्ये (तंतूंच्या आवरणात) असतं, ते काढलं तर काउंट कमी होत नाही, शुक्राणू पुढेच जात नाहीत आणि नर वांझ. म्हणजे एपिडिडिमिसच्या (टेस्टिसला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीच्या) शेवटच्या भागातून शुक्राणू काढून चाल बघा, टेस्टिसचं वजन करा, ते बूइन या द्रावणात फिक्स करून पीएएस या रंगाने स्टेन करा. नर निदान 8 आठवड्यांचा हवा, शुक्राणू बनायलाच साधारण 35 दिवस लागतात. वर एपिडिडिमिसमधला प्रवास वेगळा.

आता खरी गंमत. स्कॅफोल्ड जास्त झालं तरी सिग्नल पडतो, कारण एक एन्झाइम एका रेणूवर आणि दुसरं दुसऱ्याच रेणूवर जाऊन बसतं, दोघांची गाठच पडत नाही. म्हणून रेस्क्यू करताना, म्हणजे काढलेला जीन परत घालून दोष जातो का बघताना, भरमसाट एक्स्प्रेशन देणारा प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) घेऊ नका, मूळ जीनचाच घ्या. जमलं तर स्कॅफोल्ड ज्यांना धरतं त्यातल्या एकाच पार्टनरची पकड सुटेल असा छोटा म्यूटेशन करून तो परत घाला. वांझपणा तसाच राहिला तर तोच पार्टनर महत्त्वाचा, अर्थात प्रोटीन नीट बनतंय आणि जागेवर पोचतंय हे आधी वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची टेस्ट) आणि स्टेनिंगने बघून घ्या.

आणि जीन काढूनही काहीच दिसलं नाही तर त्या प्रोटीनची भावंडं शोधा, म्हणजे तेच काम सांभाळू शकणारी मिळतीजुळती प्रोटीनं. बीटा-अरेस्टिन 1 आणि 2 ही अशीच दोन स्कॅफोल्ड वेगवेगळी काढली तर उंदीर जगतात, दोन्ही एकदम काढले तर जगत नाहीत.