वय ५५, पण शरीर किती वर्षांचं? आतलं घड्याळ हळू करायचं असेल तर

आधी एक डोक्यातनं काढून टाका, की आमच्या घराण्यातच शुगर आहे, मग आम्ही काय करून उपयोग. जीन्स आईबापाकडनं येतात हे खरं, पण कुठली जीन चालू ठेवायची आणि कुठली गप्प बसवायची हे पेशी वेगळंच ठरवते, डीएनएवर मिथाइल नावाच्या रसायनाचे बारीक ठिपके चिकटवून. उसाला पाणी सोडताना एक सरी उघडतो, एक बुजवतो, तसंच की. वय झालं की मग कुठं फुटतंय, कुठं उगाच बुजतंय, पाणी भलतीकडंच. मधमाशीचं बघा, राणी आणि कामकरी दोघींच्या जीन्स त्याच, फक्त अळी असताना खुराक वेगळा, तर राणी काही वर्षं जगते आणि उन्हाळ्यातली कामकरी दीडेक महिन्यात आटोपते.

शास्त्रज्ञ स्टीव्ह हॉरवाथनं २०१३ ला डीएनएवरच्या असल्या ठिपक्यांच्या ३५३ जागा बघून वय सांगणारं घड्याळ बनवलं. नंतर २०१९ ला ग्रिमएज नावाचं घड्याळ आलं, ते नुसतं वय नाही, तर आजारपण आणि मरणाचा धोका किती याचा अंदाज देतं.

पण लगेच असली वय सांगणारी टेस्ट मागवू नका! हॉरवाथच्या घड्याळातच साधारण साडेतीन वर्षं इकडंतिकडं होतंय, मग सहा महिन्यांत 'वय दोन वर्षं घटलं' म्हणून पेढे काय वाटायचे? त्याच पैशात बीपी, तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि बी १२ बघून घ्या. मिथाइलचे ठिपके बनवायला बी १२ आणि फोलेट लागतं, शाकाहारी घरात बी १२ बऱ्याचदा कमी निघतंय. फोलेट पालेभाजी, हरभरा, उसळीतनं मिळतं, उगाच गोळ्यांचा मारा नको.

जेवण थोडं कमी करा. अमेरिकेत कॅलरी (CALERIE) नावाची दोन वर्षांची चाचणी झाली, लठ्ठ नसलेली धडधाकट माणसं, त्यांनी सरासरी १२ टक्के कमी खाल्लं तर म्हातारं होण्याचा वेग २-३ टक्के मंदावला, तोही एकाच घड्याळात, ग्रिमएजमध्ये काही फरक नाही. म्हणजे जादू नाही हो, पण तीन भाकरींच्या जागी अडीच खाऊन बघायला काय जातंय, आणि कुंदा सणासुदीलाच. गरोदर बाईनं मात्र हे अजिबात करू नये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात उपासमार झाली, तेव्हा नुकत्याच पोटात राहिलेल्या बाळांच्या एका जीनवरचे ठिपके ६० वर्षांनंतरही कमीच सापडले. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि आधीच वाळलेल्या म्हाताऱ्यांनीपण डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

चालायचं तर सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात या, रोज अर्धा तास, गप्पा मारत पण दम लागेल असं.

आणि बिडी. निपाणीकडच्या माणसाला तंबाखू सोड म्हणणं म्हणजे पाहुण्याला चहा नको म्हणण्यासारखं, पण धुराचा डाग सगळ्यात ठळक पडतो. एएचआरआर नावाच्या जीनवरचे ठिपके ओढणाऱ्याच्या रक्तात इतके कमी होतात की नुसतं ते बघून कळतं हा ओढतो. सोडल्यावर ते हळूहळू परत भरतात, पण वर्षं जातात, आणि फार ओढलेलं असेल तर पूर्ण भरत नाहीत, म्हणून पुढच्या श्रावणाची वाट बघू नका. पहिले पंधरा दिवस जड जातात, खिशात बडीशेप ठेवा. मी ठेवली होती, बिडी सुटली, आता बडीशेपच्या पुड्यांवरनं घरात बोलणी खातोय.