बिअर जजच्या परीक्षेला बसण्याआधी

सगळ्यात आधी एक शंभरपानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला आपल्या घरातला वास, उजव्या बाजूला परीक्षेतला शब्द. पुस्तकं, ग्लास, प्रवास हे सगळं नंतर. बिअर स्पर्धांचे परीक्षक तयार करणारा बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी, 1985 साली अमेरिकेत सुरू झाला. त्यामुळे त्याचे शब्द तिकडच्या स्वयंपाकघरातले आहेत: बटरस्कॉच, क्रीम्ड कॉर्न, ब्रेड क्रस्ट. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाचं नाक कुठेच कमी नाही, त्याची आणि या शब्दांची ओळख तेवढी राहिलेली असते.

माझ्या वहीत 'टोस्टी'समोर तव्यावर खरपूस झालेला भाकरीचा पापुद्रा आहे, 'कॅरॅमल'समोर काकवी, 'सिट्रस'समोर जालन्याच्या मोसंबीची नखाने खरवडलेली साल. अर्धापूरची केळी जास्त पिकून सालीवर काळे ठिपके आले की जो वास सुटतो तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. लवंग म्हणजे फिनॉलिक, ताकाचा आंबटपणा लॅक्टिक, शिरक्याचा अ‍ॅसिटिक. चहा फार उकळला की जिभेवर जो तुरटपणा बसतो तो अ‍ॅस्ट्रिंजंट.

या वहीची सुरुवात मक्यापासून झाली. डीएमएस नावाचा दोष मी तीन आठवडे नुसता वाचत होतो, ओळखू येत नव्हता. एके दिवशी आईनं कुकरचं झाकण उघडलं, आत कणसं होती, आणि वाफ नाकात शिरताच मी तिथेच थांबलो. पुन्हा वाकून वास घेतला. आई म्हणाली, "काय करायलास रे तिथं? भाजशील वाफेनं." मी म्हटलं, "आई, हाच वास बिअरमध्ये आला तर ती बिघडली म्हणतात." ती म्हणाली, "मग झाकण ठिवून शिजवली असंल त्यांनी." ती बरोबर होती. फिक्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, हा वास तयार होतो आणि उघड्या भांड्यात जोरात उकळलं की वाफेबरोबर निघून जातो. झाकण ठेवलं किंवा उकळी कमी पडली की आतच राहतो.

आता कायदा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा (आधीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा) 1949 चा आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. हौस म्हणूनही बनवू नका. बिअर प्यायला महाराष्ट्रात वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, पिण्याचा परवानाही लागतो. तो काढून पाकिटात ठेवा. आपण जज होणार तो घरगुती बिअरच्या स्पर्धांसाठी, पण परीक्षेला स्वतः बिअर बनवलेली असणं सक्तीचं नाही. प्रक्रिया मात्र डोक्यात पक्की हवी. वाळूजला बिअरचे कारखाने आहेत. त्या बाजूनं जाताना कधीतरी शिजलेल्या धान्याचा उबदार वास येतो. मॅशिंग, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवणं, हा शब्द मला पुस्तकाआधी त्या वासानं समजला.

वाचायला बीजेसीपीची 2021 ची स्टाइल गाइडलाइन, म्हणजे बिअरच्या प्रकारांची वर्णनं, फुकट मिळते, ती उतरवून घ्या. सगळी एकदम पाठ करायला जाऊ नका. दुकानात मिळतील त्या प्रकारांपासून सुरुवात करा. उदाहरणार्थ त्यातली 10A क्रमांकाची वाइसबिअर, म्हणजे जर्मन गव्हाची बिअर: केळं, लवंग, भरपूर फेस, गढूळ रंग, कडवटपणा 8 ते 15 आयबीयू, अल्कोहोल 4.3 ते 5.6 टक्के. ती समोर ठेवून वाचली की आकडे आपोआप लक्षात राहतात. पहिली परीक्षा ऑनलाइन असते. 60 मिनिटांत इतके प्रश्न येतात की एकेकाला जेमतेम वीसेक सेकंद मिळतात, म्हणून पुस्तक उघडं ठेवून शोधत बसण्यात अर्थ नाही. ती पास झालात की प्रोव्हिजनल जज होता आणि वर्षभरात चव-परीक्षा द्यावी लागते. वर्ष लांब वाटतं, पण परीक्षेच्या जागा कमी असतात. म्हणून आधी चव-परीक्षेची जागा पाहा आणि मगच ऑनलाइनचे पैसे भरा.

दोषांच्या तयारीला सगळ्यात जास्त वेळ द्या. आपलं ऊन यासाठी फार कामाचं आहे. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली एकच बिअर दोन ग्लासांत ओता, एक घरात झाकून ठेवा, दुसरा एप्रिलच्या दुपारी गच्चीवर पंधरा मिनिटं. मग दोन्हींचा वास एकापाठोपाठ घ्या. उन्हातल्या ग्लासाला जो उग्र, रानमांजरासारखा दर्प येतो तो लाइटस्ट्रक. हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू द्रव्यावर प्रकाश पडून तो तयार होतो, उष्णतेचा त्यात दोष नसतो. काही कंपन्या बदललेला हॉप्स अर्क वापरतात, त्यांच्या बिअरला असं होत नाही, म्हणून एका ब्रँडवर जमलं नाही तर दुसरा घ्या.

उष्णतेचा दोष वेगळा, आणि आपल्याकडे तो न शोधताही सापडतो. मी एका दुकानातून मे महिन्यात आणलेल्या सहा बाटल्यांपैकी चारांना ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. खोकी पत्र्याखाली रचलेली होती. मला त्या दिवशी वाईट वाटलं, कारण बनवणाऱ्यानं चांगली बनवलेली बिअर वाटेत मेली होती. पण शिकायला ती उत्तम. तारीख पाहून ताजी बाटली मिळवा, शेजारी ही ठेवा, आणि ऑक्सिडेशन (प्राणवायूनं बिअर शिळी होणं, उष्णतेत ते लवकर होतं) हा शब्द वहीत लिहा.

डायअसेटिल मला उशिरा कळतं. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास, आणि जिभेवर बुळबुळीत थर. माणसागणिक ही जाणीव कमीजास्त असते, काहींना ती जवळजवळ नसतेच. आपण कुठे आंधळे आहोत ते परीक्षेआधी कळायला हवं. खाण्याच्या बटर इसेन्सचा एक थेंब पाण्यात विरघळवून त्यातला थोडासाच साध्या बिअरमध्ये घाला आणि घरातल्या कुणालातरी तीन ग्लासांत लपवायला सांगा. नाक चुकलं तर जिभेवरच्या त्या थराकडे लक्ष द्या. माझं तिथूनच जमतं.

लिहिण्याचा सराव रविवारी, दोघा-तिघांनी मिळून. स्कोअरशीट 50 गुणांची: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला पोत 5, एकूण ठसा 10. चव-परीक्षेत 90 मिनिटांत सहा बिअर, म्हणजे एकीला पंधरा मिनिटं, बोलायला बंदी. मोबाइलवर वेळ लावून अगदी तसंच बसा. बाटलीतून 60 मिली पुरते. ओतल्याबरोबर पहिला वास घ्या, कारण काही वास मिनिटभरात उडतात. रंग-फेस नंतरही दिसतो.

आपली माणसं अडखळतात ती इथे. चव कळते, पण कागदावर 'गुड, नाइस, बॅलन्स्ड' एवढंच उतरतं. तपासणारे पाच गोष्टी पाहतात आणि प्रत्येकीला 20 टक्के: गुणांची अचूकता, काय ओळखलं, किती नेमकं वर्णन केलं, बनवणाऱ्याला काय सुचवलं, आणि कागद किती भरला. म्हणजे गुण देणं हा पाचातला एकच भाग, बाकी सगळं लिहिणंच. 'माल्टी' लिहू नका. कोणता माल्ट, किती तीव्र, आधी आला की शेवटी, ते लिहा. जे नाही तेही लिहा: 'हॉप्सचा वास नाही' हीसुद्धा नोंद आहे. आणि लोणी लागलं तर नुसता दोष दाखवून सोडू नका. आंबवणं संपत आल्यावर दोन-तीन दिवस थोड्या उबेत यीस्टवर राहू द्या, असं सांगा. त्या कागदाच्या पलीकडे कुणीतरी महिनाभर खपलेला असतो. त्याला पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं पाहिजे.

इंग्रजीची भीती असेल तर पहिले दोन महिने शीट मराठीत भरा आणि वहीच्या उजव्या बाजूवरून इंग्रजीत उतरवा. मी तसंच केलं.

ग्लास कपड्यानं पुसू नका, फडक्यातला फोडणीचा वास लागतो. गरम पाण्यानं विसळून उपडे वाळवा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर तो नीट धुतलेला नाही. तोंड खळखळायला बोअरचं मचूळ पाणी नको, साधं पिण्याचं घ्या, सोबत बिनमिठाचे कुरमुरे किंवा पाव.

आदल्या रात्री येसराची आमटी आणि ठेचा नको, तंबाखू तर नकोच. सकाळी अत्तर, वासाचं तेल टाळा. पिशवीत दोन पेन्सिली, खोडरबर, ओळखपत्र. गाडी चालवत जाऊ नका. सर्दी झाली तर आयोजकांना आधी कळवा.

तिथे गेल्यावर एखादी बिअर मुद्दाम बिघडवलेली असू शकते, एखादी अगदी निर्दोष. दोष असलाच पाहिजे असं धरून बसू नका. 60 टक्क्यांना रेकग्नाइज्ड जजचा दर्जा. 70 टक्के आणि स्पर्धांत काम केल्याच्या अनुभवाचे 5 गुण झाले की सर्टिफाइड. नॅशनल आणि मास्टरला 80 आणि 90 लागतात, शिवाय लेखी परीक्षा, पण तो पुढचा रस्ता आहे.

निकालाला काही महिने लागतात. परीक्षा मुंबईत असेल तर परतीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये झोपण्याआधी सहाही बिअर आठवतील तशा वहीत उतरवा, दिलेल्या गुणांसह. निकालाबरोबर तपासणाऱ्यांचे शेरे येतात, तेव्हा ते पान उघडून शेजारी ठेवता येतं.