हिमोफिलिया ए: फॅक्टर आठ घरी देताना

हिमोफिलिया एमध्ये रक्त गोठवणारं एक प्रथिन, फॅक्टर आठ, कमी पडतं. ते शिरेतून द्यावं लागतं. गुडघ्यात मुंग्या येतात किंवा आतून गरम लागतंय असं मूल म्हणालं की सूज दिसायची वाट पाहू नका. सांध्यात रक्त उतरू लागल्याची ती पहिली खूण. तेव्हाच फॅक्टर गेला तर बहुधा एक-दोन डोसांत भागतं. थांबलात तर डोसही वाढतात आणि सांध्याचं आतलं अस्तरही बिघडतं. खालची पद्धत हिमोफिलिया उपचार केंद्रात शीर टोचायला शिकलेल्या पालकांसाठी आहे.

आधी हिशोब. दर किलोला १ युनिट दिलं की फॅक्टर आठची पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणून वजन गुणिले हवी तेवढी वाढ, भागिले २. २४ किलोच्या मुलाला ४० टक्के हवे असतील तर ४८० युनिट, म्हणजे ५०० ची एक बाटली. वरचे २० टाकू नका, पूर्ण बाटली द्या. हिमोफिलिया बीला फॅक्टर नऊ लागतो. तिथे १ युनिटला जेमतेम १ टक्का मिळतो, म्हणून २ ने भागायचं नाही. खोक्यावर आकडा रोमन असतो आणि घाईत आठ-नऊ सारखेच दिसतात. मोठ्याने वाचा.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलेला फॅक्टर वाया जातो. वापरण्याआधी पावडर आणि पाणी दोन्ही बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. घाई असेल तर तळहातात धरा. गरम पाण्यात बुडवू नका.

हात धुवा, रबरी बूच स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. दुतोंडी सुईचं एक टोक आधी पाण्याच्या बाटलीत, मग ती उलटी करून दुसरं टोक पावडरीत. आतल्या निर्वातामुळे पाणी आपोआप ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती बाटली बाजूला ठेवून केंद्राला कळवा. (काही कंपन्यांचं जोडणीचं साधन वेगळं असतं, तिथे खोक्यातला कागद प्रमाण.) मग बाटली नुसती गोल फिरवा. सगळ्यात जास्त चूक इथे होते: सिरपसारखी खळाखळा हलवली जाते. फॅक्टर आठ हे मोठं, नाजूक प्रथिन आहे. फेसात ते उलगडतं आणि निकामी होतं. गढूळ दिसलं किंवा कण राहिले तर देऊ नका. खोक्यातल्या फिल्टरमधूनच सिरिंजमध्ये ओढा. मिसळलेला फॅक्टर तीन तासांच्या आत द्यायचा, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

शिरेसाठी २३ किंवा २५ गेजची बटरफ्लाय, म्हणजे पंख आणि नळी असलेली बारीक सुई. पहिल्यांदा सलाइनची सिरिंज लावा: नळीत रक्त दिसलं, सलाइन विनाअडथळा गेलं, भोवती फुगलं नाही, तरच फॅक्टरची सिरिंज जोडा. थेट फॅक्टर लावून रक्त मागे ओढलंत तर ते सिरिंजमध्येच गोठू शकतं आणि महागडा डोस हातचा जातो. लहान मुलांना मिनिटाला १०० युनिटपेक्षा जास्त वेग नको. ५०० युनिटला पाच मिनिटं लागतातच. नळीत उरलेला फॅक्टर सलाइनने आत ढकला. सुई काढल्यावर कापसाने पाच मिनिटं दाबून धरा, चोळू नका.

सांध्याला फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. आजी मायेने गरम शेक द्यायला किंवा तेल चोळायला येतील, त्यांना थांबवा. त्याने रक्तस्राव वाढतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नाही. स्नायूत इंजेक्शनही नको.

डोकं आपटलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता १०० टक्क्यांच्या हिशोबाने डोस द्या (२४ किलोला १२०० युनिट) आणि लगेच रुग्णालय गाठा. शीर सापडत नसेल तर घरी वेळ घालवू नका, फॅक्टर बरोबर घेऊन निघा.

बाटलीवरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर वहीत चिकटवा. शेजारी वेळ, युनिट आणि सांधा लिहा. पूर्वी एका डोसात थांबणारा रक्तस्राव आता तेवढ्याच युनिटला दाद देत नाही, हे वहीतच दिसतं. तसं दिसलं तर मनाने डोस वाढवू नका. शरीराने फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे इनहिबिटर, तयार केली असतील. केंद्रात बेथेस्डा चाचणी (इनहिबिटर मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या.